दोरीचे टोक आधी का बुडते?

पाण्याचे आवर्तन संपले की सोमेश्वरनगर परिसरातल्या नीरा डाव्या कालव्यात जागोजागी डबकी उरतात. मग मुले गळ टाकून बसतात. एक काठी, थोडी नायलॉनची दोरी, टोकाला गळ आणि मध्ये ज्वारीच्या ताटातल्या भेंडाचा तुकडा. भेंड हलले की मासा लागला! या मुलांना आपण एक प्रश्न सहज विचारू शकतो : भेंड तरंगते, मग दोरी का बुडते?

“भेंड हलके, दोरी जड” हे उत्तर लगेच येईल. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ते कुठे अपुरे पडते हे पाहायचे असेल तर गळाच्या दोरीचाच इतिहास चाळावा लागतो. मासेमारीच्या एका प्रकारात भेंड लावायची सोयच नव्हती. तिथे दोरीलाच तरंगायला शिकवावे लागले.

मुळा-मुठेचा मासा

ही गोष्ट आपल्या नद्यांशीही थोडी जोडलेली आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी. १८२० च्या दशकात त्यांनी दख्खन पालथे घातले आणि इथले पशू, पक्षी, मासे नोंदवले. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या एका मोठ्या खवल्यांच्या माशाचे त्यांनी १८३९ मध्ये शास्त्रीय वर्णन केले. नाव दिले खुद्री. हाच दख्खनचा महसीर. मुळा-मुठेचे पाणी पुढे भीमेला मिळते आणि इंदापूर तालुक्यात नीरा-नरसिंहपूरला त्याच भीमेला आपली नीरा भेटते.

महसीर हा झुंजार मासा. मद्रास इलाख्यातले अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये भारतातल्या गळाच्या मासेमारीवर एक ग्रंथ लिहिला आणि इंग्रज शौकिनांत या माशाचे नाव झाले. हे शौकीन आपल्याबरोबर विलायतेतली एक खास पद्धत घेऊन आले होते. तिला फ्लाय फिशिंग म्हणतात. पिसे आणि धागे गुंडाळून गळाला माशीचे किंवा किड्याचे रूप द्यायचे आणि तो पाण्यावर अलगद उतरवायचा.

इथे एक अडचण येते. पिसाच्या किड्याला वजनच नसते, मग तो लांब फेकायचा कसा? पीस फेकून पाहा, हातापुढे जात नाही. म्हणून या पद्धतीत गळ फेकत नाहीत, दोरी फेकतात. दोरी जाड आणि वजनदार असते. ती हवेत चाबकासारखी उलगडत जाते आणि किड्याला सोबत नेते. पण पाण्यावर पडल्यावर याच दोरीने तरंगले पाहिजे. बुडाली तर ती किड्याला खाली ओढते आणि मासा फसत नाही. म्हणजे हवेत वजनदार आणि पाण्यावर हलकी, अशी दोरी हवी!

जवसाचे तेल आणि रोजची मेहनत

युरोपात शेकडो वर्षे ही दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळत. टोकाकडे केसांची संख्या कमी करत नेली की दोरी निमुळती होई. एकोणिसाव्या शतकात रेशमाची दोरी आली. केस काय, रेशीम काय, दोन्ही पाण्याहून जड. रेशमाची घनता पाण्याच्या सुमारे १.३ पट असते. मग ते तरंगे कसे?

उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याच जवसाचे तेल रेशमावर थरावर थर चढवत. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि त्याचा लवचीक पापुद्रा बनतो. त्यावर चरबी किंवा मेणासारखा पदार्थ चोळत. तेलकट पृष्ठभाग पाण्याने ओला होत नाही. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. न भिजणारी बारीक दोरी त्या पडद्यावर खळगा पाडून पडून राहते. पाण्यावर चालणारा किडा किंवा अलगद ठेवलेली सुई अशीच राहते. याला आपण पृष्ठताण म्हणतो. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ मध्ये तरंगत्या माश्यांवर पुस्तक लिहिले, त्या काळातली सगळी कला या पडद्यावर उभी होती.

पण हे तरंगणे उसने होते. चरबी धुऊन निघाली, धूळ किंवा शेवाळ चिकटले, की दोरी भिजे आणि खाली जाई. दिवसातून पुन्हा पुन्हा चरबी चोळायची आणि संध्याकाळी दोरी उलगडून वाळत घालायची, नाहीतर रेशीम कुजे.

काचेचे बुडबुडे

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात लिऑन मार्टुच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात विणलेल्या धाग्यावर पीव्हीसी प्लॅस्टिकचे आवरण चढवले आणि त्याची जाडी कमी-जास्त करून दोरी निमुळती केली. पीव्हीसीही पाण्याहून जडच. म्हणून पुढे त्या आवरणात काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे मिसळण्यात आले. गोळ्यांत कोंडलेल्या वायूमुळे आवरणाची घनता पाण्याहून कमी झाली. आता दोरी पडद्याच्या मेहरबानीवर नव्हती. ती आर्किमिडीजच्या नियमाने तरंगू लागली.

तरीही एक तक्रार राहिली. बाकी दोरी तरंगे, पण टोक बुडे. असे का? फळ्यावर सोडवण्याजोगे गणित आहे. आतला नायलॉनचा धागा सगळीकडे सारखाच जाड, धरू या ०.५ मिलिमीटर. त्याची घनता १.१४. आवरणाची घनता धरू ०.८५. दोरी जिथे १.५ मिलिमीटर जाड आहे तिथे छेदाचा बहुतेक भाग आवरणाचा, त्यामुळे सरासरी घनता सुमारे ०.८८ येते. टोकाशी दोरी ०.७ मिलिमीटर उरते, तेव्हा निम्मा छेद जड धाग्याचाच असतो. सरासरी घनता येते जवळजवळ १.००, म्हणजे पाण्याइतकीच! त्यात गाठीचे आणि पुढच्या तंतूचे वजन. टोक कापलेले असेल तर उघड्या धाग्यातून पाणीही आत शिरते.

म्हणून जाणकार आजही टोक पुसून स्वच्छ ठेवतात, कापलेला भाग चिकटद्रव्याने बंद करतात आणि थोडे मेणासारखे औषध लावतात. काही कारखानदार टोकाच्या आवरणात पोकळ गोळ्यांचे प्रमाणच वाढवतात. थोडक्यात, जिथे आर्किमिडीज कमी पडतो तिथे पुन्हा पृष्ठताणाची मदत घेतात.

वर्गात करून पाहा

शिवणाचा पॉलिएस्टर धागा साबणाने धुऊन, भरपूर पाण्यात खळबळून वाळवा. त्याचे बोटभर लांबीचे दोन तुकडे करा. एकावर मेणबत्ती घासा. दोन्ही ताटातल्या स्वच्छ पाण्यावर अलगद ठेवा. शेजारी भेंडाचा आणि थर्मोकोलचा एकेक तुकडा ठेवा. मेणाचा धागा तरंगेल. आता पाण्यात साबणाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब सोडा. साबणाने पृष्ठताण निम्म्याहून कमी होतो आणि मेणाचा धागाही बहुधा बुडेल. रेंगाळला तर काडीने हलकेच दाबा. भेंड आणि थर्मोकोल मात्र तरंगतच राहतील. मग हे दोन्ही तुकडे दगडाखाली दाबून दिवसभर पाण्यात ठेवा. भेंडाच्या कापलेल्या पेशींत पाणी शिरते, ते जड होते. थर्मोकोलचे कप्पे बंद असतात, ते तसेच राहते.

मुलांना विचारा : यातले कोणते तरंगणे उसने आणि कोणते अंगचे?

हा प्रश्न गळापुरता नाही. आपल्याकडे मुले विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला सुका भोपळा, पांगाऱ्याचे लाकूड किंवा प्लॅस्टिकचा डबा बांधून. पांगाऱ्याचे लाकूड अंगचेच हलके. डबा मात्र झाकणाच्या भरवशावर तरंगतो. झाकण ढिले असेल, तळाला बारीक चीर असेल, तर पाण्यात उतरताना तो तरंगतो आणि मुलगा खोल पाण्यात गेल्यावर जड होतो. फोमचे जीवरक्षक जाकीट विश्वासाचे, कारण त्यातले हजारो कप्पे वेगवेगळे बंद असतात. एखादा फाटला तरी बाकीचे टिकतात. काचेच्या गोळ्यांचे तत्त्व तेच.

२१ मे २०२४ रोजी इंदापूरचे कळाशी आणि करमाळ्याचे कुगाव यांच्यामध्ये, उजनीच्या पाण्यात, वादळी वाऱ्यात एक नाव उलटली आणि सहा जण दगावले. या पाण्यातून आपली मुले रोज जातात-येतात. तरंगण्याचा धडा शिकवताना “हलके तरंगते, जड बुडते” एवढ्यावर आपण थांबू नये. पाण्यात उतरण्यापूर्वी पाठीवरच्या डब्याचे झाकण दाबून पाहणारा विद्यार्थी घडला, तर तो धडा खरोखर शिकवून झाला असे आम्ही समजू.