जन्मानंतर बदललेले जनुक

हिंगोली जिल्ह्यातील एका शाळेत आम्हाला शिक्षकांनी विचारले, "वडिलांना 'क्रॉनिक मायलॉइड' रक्तकर्करोग आहे, म्हणून मुलीची सोयरीक अडली. तिलाही होईल का?" जनुकातला बिघाड म्हणजे आनुवंशिकच, ही समजूत त्यामागे होती. सिकलसेलबाबत ती खरी आहे. परंतु १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल व हंगरफोर्ड यांना याच रक्तकर्करोगाच्या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी उलगडा केला: ९ व २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल झाली होती. हा बदल जन्मानंतर अस्थिमज्जेतील एका पेशीत घडतो आणि तिच्यापासून बनणाऱ्या पेशींतच उतरतो, बीजपेशींत नाही. २००५ मध्ये तांबड्या पेशी बेसुमार वाढण्याच्या विकारात 'जॅक २' जनुकातही असाच जन्मोत्तर बदल सापडला. वडिलांचा हा बदल मुलीकडे वारशाने येत नाही. सोयरीक मोडण्याचे कारण नाही.