औरंगाबादकर: एका आडनावाची कुळकथा

पैठणात पैठणकर शोधायला जाऊ नये. गावात सगळेच पैठणचे. मग 'पैठणकर' म्हणून वेगळे कुणाला ओळखायचे? तिथे माणूस जोशी असतो, कुलकर्णी असतो, पाटील असतो. संत एकनाथांचे वंशजही घरी गोसावीच; बाहेरगावी कीर्तनाला उभे राहिले की नावाला 'पैठणकर' जोडले जाते. 'कर' बहुधा परगावच लावते. दीनानाथांचे 'मंगेशकर' गोव्यातल्या मंगेशीचे, पण गाजले ते गोव्याबाहेर.

'औरंगाबादकर' हे याच जातीचे, पण विरळा आडनाव. त्याची गंमत अशी, की त्याला जन्माची अलीकडची मर्यादा आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी गावी शहर वसवले. त्याच्या मृत्यूनंतर मुलाच्या, फत्तेखानाच्या, नावावरून ते फत्तेनगर झाले. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि शहराला स्वतःचे नाव दिले. म्हणजे नाथांनी १५९९ मध्ये समाधी घेतली तेव्हा जगात एकही औरंगाबादकर नव्हता.

शेजारच्या देवगिरीचा असा हिशेब लागत नाही. तुघलकाने १३२७ मध्ये दौलताबाद केले, तरी मराठी माणसाच्या तोंडून देवगिरी गेली नाही. त्यामुळे 'देवगिरीकर' कोणत्याही शतकात होता आले. 'चित्रमय जगत'चे संपादक त्र्यंबक रघुनाथ देवगिरीकर पुण्यात नावारूपाला आले. देवगिरी त्यांच्या आडनावात होती.

निजामाने १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला हलवली आणि औरंगाबादचा दरबार उठला. ज्या शहरातून माणसे बाहेर पडतात, त्याच शहराचे आडनाव बनते. म्हणूनच आज 'औरंगाबादकर' हे आडनाव परगावी, नाशिककरांच्या ओळखीचे आहे.

२०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आणि इथले रहिवासी संभाजीनगरकर झाले. आडनाव मात्र सरकारी अधिसूचनेने बदलत नाही; ज्याचे त्याला बदलावे लागते.

तुमच्या आडनावात 'कर' असेल, तर गाव कोणते हे विचारून थांबू नका. ते कधी आणि का सुटले, तेही विचारा. घरातली जुनी माणसे सांगू शकली नाहीत, तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जा. त्यांच्या वह्यांत यजमानांची गावे आणि कुळे पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली असतात.