वैद्यकीय गोपनीयता व मादक द्रव्यसेवन

उपचारांच्या ओघात वैद्याला कळलेली रुग्णाची माहिती रुग्णाच्या संमतीशिवाय इतरांस न देण्याचे बंधन म्हणजे वैद्यकीय गोपनीयता होय. हिपॉक्राटीझच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या शपथेतही ते आढळते. रुग्ण मादक द्रव्ये घेत असेल, तर मात्र त्याचे उत्तर निदानास आवश्यक माहिती आणि गुन्ह्याची कबुली असे दुहेरी ठरते. रुग्णालय सरकारी असल्यास विचारणारा वैद्य व शिक्षा करणारी यंत्रणा ही एकाच शासनाची अंगे असतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्यांच्या नोंदींना 1972 च्या संघीय कायद्याने संरक्षण मिळाले. पोलिसांच्या भीतीने व्यसनी लोक उपचार टाळतील, हे त्यामागील कारण होते. प्रसूतिविभागात मात्र हा विचार टिकला नाही.

साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन येथील सरकारी वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयाने 1989 मध्ये पोलीस व सरकारी अभियोक्ता यांच्या सहकार्याने एक धोरण आखले. त्यानुसार काही निकषांत बसणाऱ्या गर्भवतींच्या लघवीची कोकेनसाठी तपासणी करून निष्कर्ष पोलिसांना कळविले जात. पूर्वीचे ज्ञात व्यसन, अकाली प्रसूतिवेदना, गर्भाची खुंटलेली वाढ यांप्रमाणेच प्रसूतिपूर्व तपासणीस न येणे किंवा उशिरा येणे हाही एक निकष होता. म्हणजे रुग्णालयाला भिऊन दूर राहिलेली स्त्रीच प्रथम संशयित ठरे. 1990 मध्ये अटकेऐवजी व्यसनमुक्तीचे उपचार स्वीकारण्याची मुभा देण्यात आली. परंतु त्या उपचारांमागेही अटकेचा धाक होताच. एकूण 30 स्त्रियांना अटक झाली. त्यांपैकी एक वगळता सर्व कृष्णवर्णीय होत्या. काहींना तर प्रसूतीनंतर थोड्याच अवधीत बेड्या घालून नेण्यात आले. मद्य व तंबाखू यांपासूनही गर्भाला अपाय होतो. तथापि या धोरणाचा रोख कोकेनवरच होता.

दहा स्त्रियांनी 1993 मध्ये दावा दाखल केला आणि 1994 मध्ये हे धोरण बंद झाले. कनिष्ठ न्यायालयांतील निकाल रुग्णालयाच्या बाजूने लागले. परंतु 21 मार्च 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सहा विरुद्ध तीन अशा मतांनी फिरविले (फर्ग्युसन विरुद्ध सिटी ऑफ चार्ल्स्टन). न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या निर्णयपत्रानुसार, अंतिम हेतू उपचाराचा असला, तरी तपासणीचा तात्कालिक उद्देश पोलिसांसाठी पुरावा जमविणे हा होता. म्हणून संमतीवाचून केलेली अशी तपासणी ही चौथ्या घटनादुरुस्तीने निषिद्ध केलेली गैरवाजवी झडती ठरते. न्यायमूर्ती स्कॅलिया यांच्या विरोधी मतानुसार, रुग्णाने स्वेच्छेने दिलेल्या लघवीची तपासणी म्हणजे झडतीच नव्हे. अशा धोरणांमुळे स्त्रिया प्रसूतिपूर्व उपचारांपासून दुरावतात व गर्भाचे अहितच होते, असे वैद्यकीय संघटनांनी न्यायालयापुढे मांडले होते. संमतीचा प्रश्न कनिष्ठ न्यायालयाकडे परत गेला. बहुतेक वादींनी जाणीवपूर्वक संमती दिलेली नव्हती, असे अपील न्यायालयाने 2002 मध्ये ठरविले.

या निर्णयाची व्याप्ती मर्यादितच होती. उपचारांसाठी केलेल्या तपासणीत सहजगत्या हाती आलेली माहिती शासनाला कळविण्याचे वैद्याचे कायदेशीर कर्तव्य त्याने रद्द केले नाही. तसेच, जगू शकेल इतकी वाढ झालेला गर्भ बालसंरक्षणाच्या कायद्यापुरता ‘बालक’ ठरतो, हा साउथ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा निर्णयही (व्हिटनर विरुद्ध राज्य) त्यानंतर अबाधित राहिला.