वक्फची आगगाडी

डोंगर चढणारी छोटी आगगाडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे माथेरान उभे राहते. नेरळहून वर जाणारी ती लाईन मुंबईचे बोहरी उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली, १९०४ ते १९०७ या काळात बांधली गेली. हे अलीकडे बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. नेमक्या त्याच वर्षांत मुसलमानांच्या पैशातून आणखी एक अरुंद लाईन अरबस्तानाच्या वाळवंटात पुढे सरकत होती. तिच्यात एका घराण्याची नव्हे, जगभरच्या सामान्य माणसांची वर्गणी होती आणि त्या वर्गणीत आपल्याकडच्या लोकांचाही हिस्सा होता. दमास्कस ते मदिना अशी ती हिजाज रेल्वे. तिची जुनी वाफेची इंजिने पुढे सहलीच्या गाड्या ओढू लागली. यात्रेसाठी घातलेली लाईन सहलीपर्यंत कशी आली, ती हकीकत आम्हाला सांगायची आहे.

सुरुवात सहलीपासूनच करू. सीरियात २०११ साली लढाई पेटण्यापूर्वी दमास्कसहून सुटीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, एक गाडी निघत असे. बरदा नदीच्या खोऱ्यातून, ऐन अल-फिजाच्या झऱ्याजवळून, सफरचंदांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या जबदानीकडे आणि तिथून सरगायाकडे. दमास्कस शहर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, तर सरगाया सुमारे १,४०० मीटरवर. लाकडी डबे, उघड्या खिडक्या, आत डबे-टोपल्या, हुक्के आणि पोराबाळांसह आलेली कुटुंबे. कोणी डफ वाजवतो, कोणी गातो. पुढे इंजिन मात्र शंभरी ओलांडलेले. त्यांतली काही १८९० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात तयार झालेली होती, काही त्यानंतर जर्मनीत.

अशी इंजिने चालू ठेवणे सोपे नसते. त्यांचे सुटे भाग कुठल्याही बाजारात मिळत नाहीत. बॉयलर हा इंजिनाचा जीव. त्याच्या नळ्या क्षाराने भरतात, गळतात आणि ठरावीक मुदतीने बदलाव्या लागतात. बदलल्यावर बॉयलर थंड पाण्याच्या दाबाखाली तपासायचा आणि मगच आग पेटवायची. दमास्कसच्या कदम भागात (होय, आपल्या बोलण्यातलाच हा ‘कदम’ शब्द) हिजाज रेल्वेचा जुना कारखाना होता. तिथले कारागीर लागेल तो भाग स्वतः ओतून, कातून बसवत. बापाने शिकवायचे आणि मुलाने हात काळे करायचे, अशी ही विद्या. हिच्यावर पुस्तके कमीच आहेत. पुढे लढाईत या परिसराची मोठी नासधूस झाली.

एक खुलासा इथेच करायला हवा. सरगायाची ही डोंगरी लाईन मुळात हिजाज रेल्वेची नव्हे. एका फ्रेंच कंपनीने बैरूत ते दमास्कस अशी १८९५ साली सुरू केलेली ती लाईन. लेबनॉनचा मोठा चढ तिने रुळांच्या मधोमध बसवलेल्या दातेरी पट्टीच्या आधाराने पार केला होता. रुळांमधले अंतर १,०५० मिलिमीटर. आपल्या मीटरगेजपेक्षा पन्नास मिलिमीटर जास्त! बैरूतच्या बंदरात उतरलेला माल थेट पुढे नेता यावा म्हणून हिजाज रेल्वेनेही हेच विचित्र माप घेतले. पण फ्रेंच कंपनीचे भाडे इतके जड निघाले की उस्मानी सरकारला हैफा बंदरापासून दरआपर्यंत, यर्मूकच्या दरीतून, स्वतःचा फाटा घालावा लागला. आपली गाडी हवी तर आपले बंदरही लागते.

सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांनी हिजाज रेल्वेची घोषणा १९०० साली केली. दमास्कसहून मदिनेला जाणाऱ्या हज काफिल्याला उंटांवरून चाळीसेक दिवस लागत. वाटेत पाण्याचे हाल, लुटालूट, रोगराई. हा प्रवास तीन-चार दिवसांवर आणायचा, आणि तोही युरोपच्या सावकारांचे कर्ज न घेता. उस्मानी साम्राज्य तेव्हा कर्जात बुडालेले होते. म्हणून जगभरच्या मुसलमानांना हाक दिली गेली.

सुलतानांचा हेतू निव्वळ धार्मिक होता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. हिजाज आणि यमनपर्यंत फौज लवकर पोचावी, खलिफा म्हणून आपले वजन वाढावे, हेही त्यांच्या मनात होते. सगळा पैसा खुशीचा होता असेही नाही. सरकारी नोकरांच्या पगारातून कपात झाली, कागदपत्रांवर खास तिकिटे चिकटवावी लागली. पण देणगीचा भागही लहान नव्हता. एकूण तीस-चाळीस लाख उस्मानी लिरांच्या खर्चात तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जातो. देणाऱ्यांना रकमेप्रमाणे पदके मिळत. आम्हाला सगळ्यात भावते ती एक तरतूद. बकरी ईदला कुर्बानीच्या जनावरांची चामडी गोळा करून विकायची आणि तो पैसा रेल्वेला द्यायचा. आपल्याकडे चामडी मदरशाला जातात, हे प्रत्येक घराला माहीत आहे. ज्याच्यापाशी द्यायला रोकड नाही, तोही चामडे देऊ शकतो. सुलतानाच्या दरबारात ही हिकमत ज्याला सुचली, त्याला गरिबाच्या घरची ईद ठाऊक असली पाहिजे.

हिंदुस्थानात या कामाची हवा आधीपासून होती. अमृतसरच्या ‘वकील’ या उर्दू पत्राचे मुहम्मद इन्शाउल्ला यांनी १८९७ च्या सुमारासच अशा रेल्वेची कल्पना मांडली होती आणि पुढे वर्गणीसाठी लेखणी झिजवली. (याच ‘वकील’मध्ये नंतर काही काळ मौलाना आझादांनी संपादकी केली.) हैदराबादेत मुल्ला अब्दुल कय्यूम यांनी वर्गणीचे काम उभे केले. हे गृहस्थ काँग्रेसचे उघड समर्थक होते. मुसलमानांनी काँग्रेसपासून लांब राहावे असा सल्ला मोठमोठी माणसे देत होती, त्या काळातली ही गोष्ट. देशाचे राजकारण आणि मदिनेची गाडी यांत त्यांना विरोध दिसला नाही. हैदराबाद म्हटले की मराठवाडा आलाच. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हे सगळे तेव्हा निजामाचे मुलूख होते.

आता यातली गंमत पाहा. हिंदुस्थानचा हाजी मुंबईहून बोटीने निघायचा आणि जिद्दाला उतरायचा. तिथून मक्का जवळ. दमास्कसहून येणारी गाडी त्याच्या वाटेवरच नव्हती. ती मदिनेहून पुढे मक्का आणि जिद्दापर्यंत गेली असती, तरच त्याच्या उपयोगाची होती. तो पुढचा टप्पा कधीच झाला नाही. उंट भाड्याने देऊन जगणाऱ्या बदू टोळ्यांना गाडी म्हणजे पोटावर पाय वाटला आणि मक्केच्या शरीफांनाही इस्तंबूलचा हात इतका जवळ नको होता. म्हणजे आपल्या लोकांनी ज्या गाडीसाठी पैसे दिले, तिच्यात त्यांतले फार थोडे बसले असतील. सीरियाचा, तुर्कस्तानचा, मध्य आशियाचा यात्रेकरू सुखाने जावा म्हणून त्यांनी दिले. सुलतानाची नियत काही असो, देणाऱ्याची नियत निराळी मोजावी लागते.

बांधकामाचे प्रमुख इंजिनिअर जर्मन होते, हाइनरिख मायस्नर. रूळ आणि इंजिने बाहेरूनच आणावी लागली. राबले ते मुख्यतः उस्मानी फौजेतले शिपाई. तहान आणि कॉलऱ्याने त्यांतले कितीतरी वाटेतच गेले. लाईन १९०४ मध्ये मआनला, १९०६ मध्ये तबूकला पोचली. अल-उलाच्या पुढे बिगरमुस्लिमांना काम करता येत नव्हते, म्हणून तिथून मदिनेपर्यंतचा भाग मुसलमान इंजिनिअरांनी पुरा केला. १ सप्टेंबर १९०८ रोजी मदिनेत उद्घाटन झाले. दमास्कसपासून सुमारे १,३०० किलोमीटर.

यात्रेची गाडी म्हणून तिला जेमतेम सहा वर्षे मिळाली. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ती फौजेची झाली. बाहेरचा कोळसा बंद पडल्यावर इंजिनांच्या भट्टीत सीरियातली झाडे गेली, जैतूनची सुद्धा. जून १९१६ मध्ये शरीफ हुसेन यांचे बंड सुरू झाले आणि अरब टोळ्यांनी इंग्रज अधिकाऱ्यांच्या मदतीने रूळ उडवायला सुरुवात केली. लॉरेन्सच्या नावाचा सिनेमा निघाल्यामुळे तेवढाच भाग जगाला माहीत आहे. गाडी उलटते, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. उलटणाऱ्या डब्यावर कोणाच्या घामाचा पैसा होता, हे त्या सिनेमाला विचारायचे कारण नव्हते. आपल्याला आहे.

यापुढची गोष्ट जास्त बोचणारी आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा पडले, ते हिंदुस्थानी घोडदळाच्या हल्ल्याने. हल्ल्यात जोधपूर आणि म्हैसूरचे स्वार होते आणि त्याच ब्रिगेडमध्ये तिसरी पलटण होती हैदराबाद लान्सर्स. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तीन पुतळ्यांपैकी एक हैदराबादच्या स्वाराचा आहे. ज्या संस्थानात हिजाज रेल्वेसाठी वर्गणी जमली, त्याच संस्थानाची पलटण त्या रेल्वेचे बंदर जिंकणाऱ्या फौजेत होती. त्या स्वारांना दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. हुकूम त्यांचा नव्हता. पण वर्गणीची पावती एका भावाच्या पेटीत आणि इंग्रजांची वर्दी दुसऱ्याच्या अंगावर, अशी घरे त्या काळी असू शकत होती, हे विसरूनही चालणार नाही.

युद्धानंतर लाईनचे तुकडे झाले. सीरियातला तुकडा फ्रान्सच्या हाताखाली, पॅलेस्टाइन आणि ट्रान्सजॉर्डनमधला ब्रिटनच्या, हिजाजमधला शरीफ हुसेनांकडे आणि पुढे सऊद घराण्याकडे. मुसलमानांचे म्हणणे एकच होते. ही रेल्वे वक्फ आहे, कोणा सरकारची मालमत्ता नव्हे. १९२३ साली लोझानच्या परिषदेत ब्रिटन आणि फ्रान्सने तिचे धार्मिक स्वरूप मान्य केले आणि देखरेखीसाठी मुसलमानांच्या एका मंडळाची कल्पनाही मांडली. ते मंडळ कागदावरून खाली उतरले नाही. मआनच्या दक्षिणेचा भाग पडून राहिला. १९६० च्या दशकात तो दुरुस्त करायला घेतला होता, पण १९६७ च्या युद्धानंतर तेही काम सुटले.

जॉर्डनमध्ये मात्र ही रेल्वे कायद्यानेही वक्फ मानली जाते. अम्मानच्या स्टेशनात एक लहानसे संग्रहालय आहे आणि शेडमध्ये वाफेची इंजिने. ही १९५० च्या दशकात ब्रिटन, जर्मनी, बेल्जियम आणि जपानमधून आणलेली, म्हणजे वर्गणीच्या काळातली नव्हेत. पण ज्या वाटेवरून ती धावतात ती वाट वर्गणीच्याच पैशाची. दुरुस्त केलेले इंजिन, तेलावर पेटणारी भट्टी, मागे जुने डबे. गाडी अम्मानच्या टेकड्यांतून वळणे घेत, दहा कमानींच्या दगडी पुलावरून, दक्षिणेला जीजाकडे जाते. पूल उस्मानी काळातला आहे. शाळेची मुले, स्थानिक कुटुंबे आणि वाफेच्या इंजिनासाठी मुद्दाम आलेले परदेशी शौकीन असे तिचे उतारू.

आम्हाला या सहलीत काही वावगे वाटत नाही. मुलांनी खिडकीतून हात हलवावा, यापेक्षा वाईट गोष्टी या रेल्वेने पाहिल्या आहेत. खटकते ते वादी रमचे नाटक. तिथल्या उत्तुंग लाल खडकांच्या पहाडांमधून पर्यटकांची वाफेची गाडी चालवली गेली, आणि वाटेत उंट-घोड्यांवरचे नट अरब बंडवाल्यांच्या वेषात तिच्यावर हल्ला करीत. तो फाटा मूळ लाईनचा नव्हे, १९७० च्या दशकात अकाबा बंदराकडे फॉस्फेट नेण्यासाठी घातलेला. तरी नाटक हिजाज रेल्वेचेच. वक्फच्या गाडीवरचा हल्ला तिकीट काढून पाहायचा! अरबांना आपल्या बंडाचा अभिमान असणे स्वाभाविक आहे, आणि तो त्यांचा इतिहास आहे. पण चामडी देणाऱ्यांचाही एक इतिहास आहे आणि त्याचे नाटक कोणी बसवत नाही.

२०२५ मध्ये तुर्कस्तान, सीरिया आणि जॉर्डन यांच्यात ही लाईन पुन्हा जोडण्याच्या वाटाघाटी झाल्या. सीरियातला काही किलोमीटरचा नाहीसा झालेला भाग तुर्कस्तानच्या मदतीने पुरा करायचा, असे ठरले. मदिनेपर्यंतचे बोलणे त्यात नाही. मदिना ते मक्का हा राहिलेला टप्पा मात्र निराळ्याच रूपात पुरा झाला. जिद्दामार्गे जाणारी हरमैन रेल्वे २०१८ मध्ये सुरू झाली. विजेवर तासाला तीनशे किलोमीटर वेगाने धावणाऱ्या तिच्या गाड्यांत आता आपल्याकडचे हाजीही बसतात.

त्या गाडीचे मदिनेचे स्टेशन नवे आणि शहराबाहेरच्या बाजूला आहे. जुने स्टेशन अंबरिया भागात, मस्जिदे नबवीपासून चालत जाण्याइतके जवळ. काळ्या दगडाची ती इमारत आता संग्रहालय आहे. समोर उस्मानी पद्धतीची, दोन मिनारांची लहानशी अंबरिया मशीद आहे आणि मागच्या आवारात रुळांवर जुनी इंजिने आणि डबे उभे आहेत. जियारतीला जाणाऱ्यांनी एखाद्या दिवशी असर आणि मगरिबच्या मधल्या वेळात तिथे एक फेरी जरूर मारावी.