भिंती मालकाच्या, भांडी आपली

माझ्या पुतण्याने मध्यंतरी बीडला नगर रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतला. नवे लग्न, नवी नोकरी, नवा संसार. सामान लावून होते न होते तोच कुणी विमा-प्रतिनिधी दाराशी आला आणि घरातल्या सामानाचा विमा उतरवून घ्या म्हणाला. पुतण्याने त्याला चहा पाजून वाटेला लावले आणि संध्याकाळी माझ्याकडे आला. "काका, घर तर माझं नाही. मग विमा कशाचा उतरवायचा?"

श्रोतेहो, मी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यामुळे साध्या प्रश्नाला सरळ उत्तर देण्याची सवय मला उरलेली नाही. त्याला म्हटले, बस जरा. आधी एका पुराची गोष्ट ऐक.

बीडकरांना तो पूर सांगायला नको. तारीख 23 जुलै 1989, रविवार. बिंदुसरा ही काही मोठी नदी नव्हे. बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, शहराच्या मधून जाते आणि पुढे सिंदफणेला मिळते. वर्षाचे बरेच महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा दगडच जास्त दिसतात. साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा जिल्हा. इथला माणूस पाण्याची वाट पाहायला शिकतो, पाण्याला भ्यायला शिकत नाही. पण डोंगरातल्या नदीचे असेच असते. यायची ती एकदम येते आणि तशीच ओसरून जाते. त्या दिवशी आली तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, माणसे गेली, घरे गेली.

मी तेव्हा नोकरीत नवा होतो. माझी भाड्याची खोली उंचावरच्या गल्लीत, म्हणून वाचलो. माझे एक सहकारी मात्र नदीच्या अंगाला दोन खोल्यांत राहत. पाणी ओसरल्यावर आम्ही चारपाच जण फावडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. गुडघाभर गाळ. त्या गाळातून वहिनींचे हप्त्यावर घेतलेले शिलाई मशीन काढले. ज्वारीची कोठी आडवी झाली होती आणि ज्वारीला वास सुटला होता. पुस्तकांचा तर लगदाच झाला होता. थोड्या दिवसांनी पंचनाम्याला माणसे आली. मागची भिंत पडली होती. तिची लांबी-रुंदी मोजली, मालकाचे नाव लिहून घेतले आणि ती माणसे पुढच्या घरी गेली. शिलाई मशीन अंगणात उन्हाला ठेवले होते, त्याकडे कुणी पाहिले नाही. त्यांचे चुकले असेही मी म्हणत नाही. त्यांच्या कागदावर भिंतीला रकाना होता, मशीनला नव्हता. पुढच्या महिन्यात सहकाऱ्यांनी नेहमीप्रमाणे भाडे दिले आणि मशीनचा हप्ताही भरला.

आता हा रकाना कागदावर का नसतो, याला मोठा इतिहास आहे.

विमा ही साहेबाने आणलेली वस्तू, असे आपण समजतो. ते पुरते खरे नाही. शब्दच पाहा. तो फारसीतल्या 'बीमा'वरून आपल्याकडे आला आणि 'बीम' म्हणजे भीती. सुजानराय याने औरंगजेबाच्या काळात, 1695 च्या सुमारास, 'खुलासत-उत-तवारीख' हा ग्रंथ फारसीत लिहिला. व्यापारी धोक्याच्या वाटेवरचा माल सराफाच्या हवाली करीत, सराफ ठरलेली रक्कम घेऊन तो सुखरूप पोचवून देई, आणि याला बीमा म्हणत, असे त्याने नोंदवले आहे. माल पोचला तरच पैसे देणे लागावे अशी जोखमी हुंडी होती. वाटेतल्या जकाती आणि जोखीम अंगावर घेऊन माल नेणारा हुंडेकरी होता. म्हणजे आपल्या मुलखात विमा होता, पण तो चालत्या मालाचा. बैलाच्या पाठीवरच्या कापडाला विमा, घरातल्या कापडाला नाही. घरात भीती कसली?

घराचा विमा निघाला तो लंडनमध्ये, आगीच्या धगीतून. 1666 च्या सप्टेंबरात ते शहर जळाले. तेरा हजारांहून अधिक घरे गेली. आणि त्यानंतर जे भांडण उभे राहिले ते ऐकण्यासारखे आहे. जळालेल्या घरांत भाडेकरू बरेच होते. त्यांच्या करारांत दुरुस्ती भाडेकरूने करावी असे कलम असे. घर जळाले तरी भाडे चालूच! मालक म्हणे तू बांध, भाडेकरू म्हणे माझ्याकडे नेसत्या वस्त्राखेरीज काही राहिले नाही. शेवटी पार्लमेंटला या तंट्यांसाठी खास न्यायालय नेमावे लागले. त्यानंतर चौदा-पंधरा वर्षांनी निकोलस बार्बन नावाच्या माणसाने आगीच्या विम्याची कचेरी काढली. हा मूळचा वैद्य, पण घरे बांधून विकण्याच्या धंद्यात पडलेला. त्यामुळे त्याने विमा काढला तो घरांचा, म्हणजे विटा-लाकडांचा. घरातल्या मालाचा विमा घ्यायला चार्ल्स पोवी नावाचा दुसरा खटपट्या मनुष्य पुढे आला, तो 1708 मध्ये. आग लागून बेचाळीस वर्षे झाली होती. दोन वर्षांत त्याच्या धंद्यातूनच 'सन फायर ऑफिस' उभे राहिले.

भिंत आधी आणि भांडी मागाहून, हा क्रम तेव्हाच पडला. तो का पडला ते उघड आहे. भिंत हलत नाही, तिची किंमत ठरवता येते, तिच्यावर कर्ज मिळते. आणि कर्ज देणाऱ्याला विमा हवाच असतो. आजही बीडमध्ये कुणी बँकेच्या पैशाने घर बांधले की बँक सांगते, आधी विमा उतरवा. भाडेकरूला असे सांगणारा कोणीच नाही. मालकाचा विमा असला तरी तो मालकाच्या इमारतीचा. त्यातून भाडेकरूच्या शिलाई मशीनचे पैसे येत नाहीत. कायदाही या बाबतीत गप्प आहे. मराठवाड्यात 1954 चा हैदराबादचा घरभाडे नियंत्रण कायदा होता, तो जाऊन 2000 साली 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. भाडे किती, दुरुस्ती कुणी करायची, करार नोंदवायची जबाबदारी कुणाची, हे त्यात आहे. भाडेकरूच्या सामानाचे काय, हा त्याचा विषयच नव्हे.

"पण सरकार मदत करतं ना?" पुतण्या मध्येच म्हणाला. करते. 2022 ते 2026 या काळासाठी आपत्ती मदतीचे जे निकष ठरले, त्यांत कुटुंबामागे कपड्यांसाठी अडीच हजार आणि भांडी व घरगुती वस्तूंसाठी अडीच हजार रुपये धरले आहेत. तेही घर वाहून गेले किंवा पूर्ण पडले, नाहीतर दोन दिवसांहून अधिक पाण्याखाली राहिले तर. सरकारने वेळोवेळी ही अट शिथिल केली आहे, ते खरे. पण दोन दिवसांची मुदत ऐकून मला बिंदुसराच आठवते. ती दोन दिवस थांबत नाही. तिचे काम काही तासांत उरकते.

पुतण्याचा खरा प्रश्न, 'माझे नसलेल्या जागेत माझे काय', हा आपल्या जिल्ह्यात घरापेक्षा शेतात जुना आहे. बीडचे नाव विम्याच्या जगात गाजले ते शेतामुळेच. 2020 च्या खरिपात इथल्या पिकांचा विमा घ्यायला कंपन्या पुढे येईनात, तेव्हा भारतीय कृषी विमा कंपनीकडे तो वेगळ्या हिशोबाने देण्यात आला. हप्त्याच्या एकशे दहा टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने द्यायची, त्यापुढची राज्याने. भरपाई ऐंशी टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीने वीस टक्के स्वतःला ठेवून बाकीचे राज्याला परत करायचे. याला 'बीड पॅटर्न' म्हणू लागले आणि पुढे तो राज्यभर गेला. 2023 मध्ये एक रुपयात पीकविमा आला, 2025 च्या खरिपात तो बंदही झाला. मधल्या काळात दुसऱ्याच्या आणि सरकारच्या जमिनींवर खोटे विमे उतरवल्याच्या तक्रारींनी बीडचे नाव पुन्हा गाजले, पण निराळ्या अर्थाने!

या सगळ्यात बटईदार कुठे होता? नियमाप्रमाणे तो विम्याला पात्र आहे. पण त्यासाठी नोंदणी केलेला भाडेकरार मागतात. आणि बटई आपल्याकडे तोंडी असते. 1950 च्या हैदराबाद कुळकायद्याने कुळाला हक्क दिले. तेव्हापासून जमीनमालक कागदावर सही करायला बिचकतो, आणि तेही समजण्यासारखे आहे. म्हणजे एकीकडे जमीन नसलेले विमे काढतात आणि दुसरीकडे ज्याचे बी-बियाणे खरोखर मातीत गेले, त्याला विमा मिळत नाही.

घराच्या भाडेकरूची गोष्ट त्या मानाने सोपी आहे, हे मी पुतण्याला मुद्दाम सांगितले. 1 जानेवारी 1973 पासून सर्वसाधारण विमा सरकारी झाला, शंभरावर कंपन्या एकत्र करून चार केल्या गेल्या. पुढे खाजगी कंपन्याही आल्या. तरी घरगुती सामानाचा विमा म्हणजे अटींचे जंगलच होते. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने सर्व कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच मसुद्याची पॉलिसी ठेवायला लावली. भाडेकरूला तीत इमारत सोडून फक्त सामानाचा विमा घेता येतो. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी फुटणे हे सारे तीत आहे. दंगल हा शब्द वाचून पुतण्या थांबला. 30 ऑक्टोबर 2023 ला माजलगावात आणि बीडमध्ये घरांना आणि कार्यालयांना आगी लागल्या, ते त्याने पाहिले होते.

काय नाही, तेही सांगितले. साधी चोरी नाही. वरच्यासारखी आपत्ती आली आणि त्यानंतर सात दिवसांत चोरी झाली तरच भरपाई. एरवीच्या घरफोडीला वेगळे पैसे भरावे लागतात. दागिन्यांचे कलम निराळे. रोकड नाही, वाहन नाही, आणि कागदपत्रे नाहीत. या शेवटच्या गोष्टीवर मी जरा जास्तच बोललो. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यात निजामकालीन दप्तरे उघडली, तेव्हा एका जीर्ण पानावर घराण्यांची आशा लोंबकळताना आपण पाहिली. असल्या पानाची किंमत कोणतीही कंपनी देत नाही.

मग घ्यायचा की नाही? मी त्याला घरातल्या वस्तूंची यादी करायला लावली. जी वस्तू गेली तर पुढच्या पगारातून आणता येईल, ती खोड. जी आणायला वर्षभर लागेल, ती ठेव. यादीत फ्रिज, कपाट, धुण्याचे यंत्र, लॅपटॉप आणि सुनेचे शिलाई मशीन राहिले. ते मशीन मी खोडू दिले नाही. बेरीज झाली दोन लाखांच्या आत-बाहेर. एवढ्या सामानाचा वर्षाचा हप्ता साधारण काही शेकड्यांत बसतो. तिसऱ्या मजल्यावर पूर येणार नाही, पण तारांना आग लागते, आणि गच्चीवरची टाकी तर थेट त्यांच्या डोक्यावर आहे. तो घेईन म्हणाला.

उठताना त्याने एक विचारले. त्याच इमारतीत तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, राखणदाराचे कुटुंब राहते. दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला जात, तसे तेही पूर्वी कोयता घेऊन जायचे, कोपीत राहायचे. आता इथे स्थिरावले आहेत. त्यांच्याकडे एक पेटी आहे, एक गॅस, एक टीव्ही, दोन पोती ज्वारी. भाडे नाही, करार नाही. "त्यांचा विमा कोण उतरवेल, काका?"

मी म्हटले, विमा-प्रतिनिधीला पुन्हा चहाला बोलाव आणि त्या खोलीत बसव. करारावाचून निव्वळ सामानाचा विमा कोणत्या कागदावर घेता येतो, ते त्याच्याकडून लिहून घे. आणि त्यांची पेटी तेवढी आजच माळ्यावर चढवायला सांग; कागद तिच्यातच असणार.