घाटमाथ्यावरचे दक्षिणी उपाहारगृह

श्रोतेहो, आपल्या दुधनीकडचे एखादे नवे जोडपे लग्नानंतर महाबळेश्वराला नाही तर लोणावळ्याला फिरायला जाते. संध्याकाळी धुके उतरते, गारठा वाढतो. मग दोघे एखाद्या दक्षिणी उपाहारगृहात शिरतात. टेबलावर वाफाळलेली इडली येते, मसाला डोसा येतो, मागाहून कॉफी. समोरासमोर बसून दोघे खातात, बोलतात. यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण ही साधी गोष्ट घडून यायला शतके लागली, आणि तिचे एक मूळ आपल्या अगदी शेजारी आहे.

आधी पदार्थांचे पाहू. इडली-डोसा म्हटले की आपण ‘मद्रासी’ म्हणून मोकळे होतो. पण आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण आपल्यापासून काही फार लांब नाही. हीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. सोलापूरचा मुलूखही तेव्हा त्यांच्याच सत्तेखाली होता. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभारापासून राजाच्या ताटापर्यंत सगळे त्यात आहे. त्यात ‘इड्डरिका’ आहे आणि ‘धोसक’ही आहे. ती इड्डरिका उडदाच्या पिठाची होती. तांदूळ तिच्यात पुढे आला. म्हणजे ज्याला आपण परमुलखाचे अन्न समजतो, त्याची नोंद आपल्याच राजाच्या दरबारात झालेली आहे!

आता माणसांचे पाहू. त्यानंतर तीसेक वर्षांनी त्याच कल्याणीत बसवेश्वर बिज्जळ राजाचे मंत्री होते. त्यांच्याभोवती शरणांचा मेळा जमला. आपल्या सोलापूरचे सिद्धरामेश्वरही त्यात होते. शरणांनी दासोह घातला. दासोह म्हणजे काय, हे दुधनीच्या माणसाला सांगायला नको. कोण कोणत्या जातीचा, हे न विचारता तिथे जेवू घालायचे. परंपरा सांगते, की शरणांपैकी चांभार हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचे लग्न लावले गेले. त्यापायी दोन्ही बापांना प्राण गमवावे लागले आणि कल्याणीत रक्तपात झाला. पदार्थ राजाच्या पोथीत सुखाने राहिले. एका पंगतीला बसणारी माणसे मात्र उधळली गेली.

पुढे कित्येक शतके जेवण म्हणजे कडक शिस्तीचे काम राहिले. पुष्कळ घरांत आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायकोने जेवायचे. नवरा-बायकोने एकमेकांना घास द्यायचा तो लग्नाच्या दिवशी, तोही चारचौघांच्या चेष्टेत. घराबाहेर खाणे तर त्याहून अवघड. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळी चहाला गेली, तर केवढे ग्रामण्य उभे राहिले! पुढे कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा पिऊ लागले.

दरम्यान रेल्वे आली होती. १८६३ साली बोरघाटातून गाडी सुरू झाली, १९०७ साली माथेरानला छोटी गाडी चढली. थंड हवेची ठिकाणे इंग्रजांनी स्वतःसाठी वसवली होती. हळूहळू तिथे आपली माणसेही जाऊ लागली. उडुपीकडचे तरुण पोटासाठी मुंबईत आले. ए. रामा नायक यांनी १९४२ साली माटुंगा स्टेशनाजवळ खाणावळ घातली. अशा उडुपी हॉटेलांची चाल शहराशहरांतून पसरली आणि घाटमाथ्यावरही पोचली. स्वस्त, स्वच्छ, शाकाहारी. म्हणून बायकामाणसांना तिथे नेण्याचा संकोच कमी झाला. आरंभी पडद्याआडची ‘फॅमिली रूम’ होती. मग तो पडदाही विरत गेला.

आणि १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने आणि उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कोणालाही मज्जाव करता येत नाही. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला आणि मज्जाव करणे हा गुन्हा ठरला. कल्याणीच्या शरणांनी जे जीव देऊन मागितले, ते आता हक्क म्हणून लिहिले गेले आहे.

कायद्याने दार उघडते बघा, पण मन उघडतेच असे नाही. दोन जातींच्या मुलामुलीचे लग्न म्हटले की आजही घरेदारे पेटतात. हॉटेलात शेजारी बसलेल्याची जात आपण विचारत नाही. घरच्या पंगतीला मात्र विचारतो.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. बसवेश्वरांचा धडा शिकवताना मुलांना आजीकडे पाठवा. ‘आजी, तू आजोबांबरोबर पहिल्यांदा एका वेळी कधी जेवलीस?’ एवढेच विचारायला सांगा. येणारी उत्तरे वहीत उतरवून ठेवा. तोही आपल्या गावचा इतिहासच आहे, आणि तो सांगणारी माणसे आहेत तोवरच मिळेल.