पाळकाच्या परवान्यामागे कोणाची सत्ता?

नवा पाळक मंडळीसमोर प्रथम उभा राहतो, तेव्हा बिशपांचा परवाना वाचून दाखवण्याची अँग्लिकन परंपरा आहे. त्या कागदामागे सत्ता कोणाची असे?

एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीचे केंद्र जुन्नरला होते. जुन्नर-आंबेगावचा मुलूख १८३७ साली स्थापन झालेल्या मुंबई धर्मप्रांतात मोडत असे.

दीक्षाविधीत बिशप जमलेल्या लोकांना विचारत: या उमेदवाराबद्दल कोणाची हरकत आहे काय? स्वतः बिशपांची नेमणूक मात्र ब्रिटिश राजसत्तेच्या सनदेने होई. तेथे मंडळीला कोणी विचारत नसे.

१९३० साली भारतातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले आणि बिशपांची निवड चर्चच्याच घटनेनुसार होऊ लागली. परवान्यावर सही पूर्वीप्रमाणे बिशपांचीच राहिली. तिच्यामागची राजाची सनद तेवढी गेली.